नीट हुकली म्हणजे जीवशास्त्र संपले नाही

बारावीनंतर नीटमध्ये नंबर लागला नाही की आपल्या वस्तीतली मुले नाइलाजाने बीएस्सीला प्रवेश घेतात आणि तीन वर्षे मन मारून काढतात. हा समज मोडला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

सरकारी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला खाजगी महाविद्यालयाइतका खर्च येत नाही. पदवीनंतर वाटा अनेक आहेत. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेतलेला पदवीधर भारतीय वन सेवेची परीक्षा देऊ शकतो. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी चालते. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करायची तर 'जॅम' आणि 'गॅट-बी' या प्रवेश परीक्षा आहेत.

संशोधनाची ओढ असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट द्या. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातही अर्ज करता येतो. जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. म्हणजे पीएचडी करताना घरी हात पसरावा लागत नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना वयात 5 वर्षांची सवलत आहे.

1990 च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. मात्र केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दाखल्यासाठी तहसीलला धावण्यापेक्षा तो पहिल्या वर्षीच काढून ठेवा.

बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क कागदाअभावी वाया जाऊ देऊ नका. जय भीम!