सायकल असावी अंगाबेताची

मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील मागास तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीमध्ये शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्यात येतात. घर व शाळा यांमधील अंतरामुळे मुलींचे शिक्षण खंडित होऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु सायकल हाती आली म्हणजे काम संपले असे नव्हे. उंच आणि ठेंगण्या मुलीला एकाच मापाने जोडलेली सायकल दिली, तर एकीचे गुडघे दुखतात, दुसरीचा तोल जातो आणि सायकल पडवीत पडून राहते. सदरा जसा अंगाबेताचा हवा, तशीच सायकलही.

सीटची उंची

भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे व टाच पायडलावर ठेवावी. पायडल अगदी खाली असता पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. हीच योग्य स्थिती. सीट फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील भागावर ताण पडतो. फार उंच असल्यास कंबर दोन्ही बाजूंना हेलकावते. हॅम्ली व थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये खालच्या पायडलाच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के असावे, असे मांडले. म्हणजे ७० सेंटिमीटर लांबीस सुमारे ७६ सेंटिमीटर. नवशिक्या मुलीसाठी मात्र सीट थोडी खालीच ठेवावी. थांबताना पायाची बोटे जमिनीस टेकली पाहिजेत.

हँडल व ब्रेक

सीट जमिनीस समांतर असावी. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावे. कोपर ताठ राहू नयेत. ब्रेकची मूठ बोटांच्या सहज कवेत यावी. सीटच्या व हँडलच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते. तिच्यापलीकडे नळी वर ओढल्यास ती निसटण्याचा वा मोडण्याचा धोका संभवतो.

शाळेची जबाबदारी

वाटपाच्या दिवशीच गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्यास पान्यासह शाळेत बोलवावे व प्रत्येक मुलीस तिच्या सायकलवर बसवून माप जुळवून घ्यावे. वाढत्या वयात उंची झपाट्याने बदलते. म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी शिक्षकांनी ही तपासणी पुन्हा करावी. पंचायत सदस्यांनीही याकामी लक्ष घातल्यास शासनाने दिलेली सायकल खऱ्या अर्थाने मुलीची होईल.