बियाण्याच्या पोटातील कीड आणि क्ष-किरण

वाटाण्याचा दाणा वरून गुळगुळीत आणि निरोगी दिसला, तरी त्याच्या पोटात भुंगेऱ्याची अळी असू शकते. ब्रूकस पायसोरम हा भुंगेरा शेतातच हिरव्या शेंगेवर अंडी घालतो. अळी शेंग भेदून कोवळ्या दाण्यात शिरते आणि तिच्या प्रवेशाचे सूक्ष्म छिद्र दाणा वाढताना जवळजवळ बुजून जाते. तूर, मूग, चवळीवरील आपल्या परिचयाच्या भुंगेऱ्याची पांढरी अंडी निदान दाण्याला चिकटलेली दिसतात. येथे तेवढीही खूण उरत नाही.

परदेशातून येणाऱ्या बियाण्याच्या संदर्भात ही बाब गंभीर ठरते. संशोधनासाठी आयात होणाऱ्या वाणांची संगरोध तपासणी नवी दिल्लीच्या पुसा परिसरातील राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरो करतो. या संस्थेची स्थापना १९७६ साली झाली. व्यापारी मालाची जबाबदारी फरिदाबाद येथे मुख्यालय असलेल्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे आहे. दोन्हींचा कायदेशीर आधार १९१४ चा विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम आणि त्याखालील २००३ चा आदेश हा होय.

संशोधनासाठी आलेल्या पाकिटात कित्येकदा मोजक्याच बिया असतात. त्या कापून पाहिल्या, तर पेरायला काय उरणार? म्हणून ब्युरोच्या तपासणीत सौम्य क्ष-किरणांचा वापर होतो. मात्रा अल्प असल्याने बियांची उगवणशक्ती टिकून राहते. फिल्मवर निरोगी दाणा एकसंध फिकट दिसतो. पोखरलेला भाग काळसर उमटतो आणि त्या पोकळीत वाकलेली अळी किंवा कोष ओळखता येतो. पोकळी पूर्ण रिकामी असेल, तर कीड बाहेर पडून गेली असे समजावे. किडका दाणा नेमका वेचून काढता येतो आणि उरलेले बी वाचते, हा या पद्धतीचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ. मर्यादाही आहेत. अंडी व नुकतीच जन्मलेली अळी सहसा निसटतात. शिवाय अळी जिवंत आहे की मृत, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. काही दिवसांनी पुन्हा चित्र घ्यावे लागते.

लसूणघासाचे बी पोखरणारी ब्रूकोफॅगस ही चिमुकली गांधीलमाशी येथे आवर्जून सांगितली पाहिजे. आपण मित्रकीटक म्हणून शेतात सोडतो ती ट्रायकोग्रामा याच मोठ्या कुळसमूहातील. पण ही बहीण शाकाहारी निघाली! तिची अळी बियांचा गर आतून संपवते.

या कामी सीटी स्कॅन का नको, असे काही जण विचारतात. उत्तर पशुवैद्यकात सापडते. काही कुत्र्यांमध्ये आतड्यांकडून यकृताकडे जाणारे रक्त जन्मजात आडवाटेच्या शिरेतून यकृताला वळसा घालून थेट शरीरात जाते. अमोनियासारखी विषारी द्रव्ये रक्तात साचतात, पिल्लाची वाढ खुंटते आणि खाल्ल्यानंतर ते सुन्न होते. लहान जातींत ही शीर बहुधा यकृताबाहेर, तर मोठ्या जातींत यकृताच्या आत असते. ती कोठून निघते आणि कोठे मिळते, यावर प्रकार ठरतो आणि प्रकारावर शस्त्रक्रिया. साध्या क्ष-किरण चित्रात सर्व सावल्या एकमेकींवर पडतात. त्यामुळे शिरेत रंगद्रव्य सोडून थराथराने प्रतिमा घेणारा सीटी स्कॅन तेथे उपयुक्त ठरतो. दाण्यात वाट शोधायची नसते, पोकळी आहे की नाही एवढेच पाहायचे असते. त्यासाठी सावली पुरते.

हेच तत्त्व आंब्यालाही लागू पडते. हापूसमधील साका आणि कोयीतील भुंगेरा फळ न कापता क्ष-किरणांनी ओळखता येतो, हे भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातच दाखवले. लासलगावच्या केंद्रात निर्यातीच्या आंब्यावर होते ती प्रक्रिया मात्र वेगळी. तेथे गॅमा किरणांच्या किमान ४०० ग्रे मात्रेने कीड निष्प्रभ केली जाते. ते चित्रण नव्हे.

ही सारी व्यवस्था एका गोष्टीपुढे हतबल आहे: परदेश दौऱ्याहून खिशातून आणलेली मूठभर बी. आयात परवान्याशिवाय असे बी आणणे बेकायदेशीर आहे आणि त्याचे चित्र कोणीही काढलेले नसते. आपल्या गटात असे कोणी आणले असेल, तर विस्तार कार्यकर्त्यांनी ते पेरू देऊ नये. बंद डब्यात ठेवून संगरोध अधिकाऱ्यांशी किंवा अकोला येथील ब्युरोच्या प्रादेशिक केंद्राशी संपर्क साधावा.

घरच्या कडधान्य बियाण्यासाठी साधा उपाय पुरतो. मूठभर नमुना पारदर्शक बरणीत घट्ट झाकून खोलीच्या उबदार जागी महिना-दीड महिना ठेवावा. दाण्यांवर गोल खिडक्या किंवा बरणीत भुंगेरे दिसले, तर साठा किडका समजावा. लसूणघासाला मात्र ही चाचणी लावू नये. त्या बियांतील अळी सुप्तावस्थेत महिनोन्महिने पडून राहू शकते आणि रिकामी बरणी खोटा दिलासा देते.