जॅक्सन हाइट्समधलं को-ऑप घर: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

न्यूयॉर्कला मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या मराठी माणसाची क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला एक तरी फेरी होतेच. सात नंबरच्या गाडीने 74व्या रस्त्यावर उतरायचं, तूरडाळ, पोहे, कढीपत्ता घ्यायचा आणि परत फिरायचं. त्याच बाजारातून थोडं पूर्वेकडे चालत गेलं की दुकानांची गर्दी सरते आणि विटांच्या पाच-सहा मजली, शांत इमारतींची वस्ती सुरू होते. तिथल्या घरांच्या जाहिरातींत दोन शब्द हमखास असतात, ‘प्री-वॉर’ आणि ‘को-ऑप’. त्याच आकाराच्या काँडोपेक्षा, म्हणजे थेट मालकीच्या फ्लॅटपेक्षा, ही घरं बरीच स्वस्त दिसतात. मग फोनाफोनी सुरू होते आणि प्रत्येक जण ऐकलेलं काहीतरी सांगतो. त्यातलं बरंच अर्धवट असतं.

‘युद्धापूर्वीची इमारत म्हणजे मोडकळीला आलेली’, ही पहिली समजूत. इथे युद्ध म्हणजे दुसरं महायुद्ध. जॅक्सन हाइट्सच्या बाबतीत तर या शब्दामागे एक आखलेली योजना आहे. 1909 मध्ये क्वीन्सबरो पूल झाला, 1917 मध्ये वरून जाणारी रेल्वे आली, आणि एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथल्या शेतजमिनीवर मध्यमवर्गासाठी नवी वस्ती उभी केली. ब्लॉकच्या कडेने इमारती आणि मधली जागा सगळ्यांची बाग, अशी ही रचना. रस्त्यावरून चालणाऱ्याला आतल्या बागेचा पत्ताही लागत नाही. अँड्र्यू थॉमस या वास्तुरचनाकाराने लिंडन कोर्ट, शॅटो आणि टॉवर्स या इमारतींत खोल्यांना दोन बाजूंनी उजेड आणि वारा मिळेल अशी मांडणी केली. शहरातल्या कोंदट चाळवजा घरांना दिलेलं ते उत्तर होतं आणि शंभर वर्षांनंतरही ते मला पटतं. नंतरच्या कितीतरी टोलेजंग इमारतींत एवढी हवा खेळत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे. ‘को-ऑप म्हणजे आपली सोसायटीच की!’ हे आपल्या लोकांच्या तोंडी हमखास असतं, आणि ते निम्मं खरं असल्यामुळेच फसवं आहे. सहकारी घरांची कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी 1915 मध्ये नोंदली गेली, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीतून. जॅक्सन हाइट्समध्ये सहकारी मालकीची घरं विकायला सुरुवात झाली, ती त्यानंतर चार-पाच वर्षांनी.

फरक पुढे आहे. महाराष्ट्रात सोसायटी सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि सभासदाला एक मत असतं, फ्लॅट लहान असो की मोठा. न्यूयॉर्कचं को-ऑप ही सहसा व्यापारी कंपन्यांच्या कायद्याखालची कंपनी असते. अख्खी इमारत तिच्या मालकीची. तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेता आणि शेअरबरोबर तुमच्या घरात राहण्याचा दीर्घ मुदतीचा करार मिळतो, त्याला प्रोप्रायटरी लीज म्हणतात. शेअर किती, हे घराच्या आकारावर आणि मजल्यावर ठरतं, आणि मतंही शेअरच्या प्रमाणात असतात. कायद्याच्या नजरेत तुमच्याकडे स्थावर मालमत्ता नसते, शेअर असतात. म्हणून बँकेचं कर्जही शेअरवर मिळतं, आणि काँडोच्या कर्जावर लागणारा गहाण-नोंदणी कर इथे लागत नाही. हा फायदा खराखुरा आहे. पण कंपनी बुडाली तर तुमच्या शेअरची किंमतही तिच्याबरोबर जाते, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

याला जोडूनच बोर्डाचा प्रश्न येतो. आपल्याकडे सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं, आणि निबंधकाकडे दाद मागता येते. तोच भरवसा धरून लोक न्यूयॉर्कला सौदा ठरवतात. तिथे शेअरहोल्डरांनी निवडलेलं बोर्ड तुमची करविवरणं, बँकेचे कागद आणि शिफारसपत्रं मागवतं, मुलाखत घेतं आणि नकारही देऊ शकतं. कारण सांगण्याची सक्ती परंपरेने त्याच्यावर नाही. यावरून ‘बोर्ड काहीही करू शकतं’ असा उलट गैरसमजही पसरतो. वंश, धर्म, मूळ देश, अपंगत्व, घरात मुलं असणं अशा कारणांवरून नकार देणं बेकायदा आहे. ही बंदी किती आवश्यक होती ते जॅक्सन हाइट्सनेच दाखवलं. सुरुवातीच्या काळात ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना इथे घर मिळत नसे. ‘निवडक शेजार’ हाच विक्रीचा मुद्दा होता. आज जगातल्या कितीतरी भाषा जिथे ऐकू येतात त्या वस्तीचा हा इतिहास मला अस्वस्थ करतो, आणि बोर्डाच्या बंद खोलीतल्या निर्णयांना अधिक उजेड हवा, ही मागणी मला रास्त वाटते.

घरात राहायला आल्यावरही बोर्ड असतंच. मॅनहॅटनमधल्या वन फिफ्थ अव्हेन्यू या 1927 च्या इमारतीत एका शेअरहोल्डरने स्वयंपाकघर नव्याने करताना भिंतीतला वाफेचा उभा पाइप हलवायचं ठरवलं आणि बोर्डाने काम थांबवलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1990 मध्ये न्यायालयाने सांगितलं की बोर्डाने आपल्या अधिकारात, सद्‌हेतूने आणि इमारतीच्या हितासाठी निर्णय घेतला असेल तर न्यायालय त्यात हात घालणार नाही. हीच कसोटी आजही चालते. म्हणून भिंत पाडायचं, बाथरूम सरकवायचं स्वप्न असेल तर आधी इमारतीचे नियम बघा. खालच्याच्या झोपण्याच्या खोलीवर तुमचं न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर येणार असेल तर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळत नाही. घरात वॉशिंग मशीन चालत नाही अशाही पुष्कळ इमारती आहेत. कपडे तळघरातल्या सामायिक मशीनमध्ये धुवायचे.

‘ऐतिहासिक भाग आहे, खिळाही ठोकता येणार नाही’, हे मात्र चूक. जॅक्सन हाइट्सचा हा पट्टा 1993 मध्ये शहराच्या लँडमार्क आयोगाने संरक्षित केला. त्या संरक्षणाचा रोख बाहेरच्या रूपावर आहे. खिडक्या बदलणं, भिंतीतून एसी बसवणं, दर्शनी दार बदलणं याला आयोगाची परवानगी लागते. आत रंग कोणता द्यायचा, फरशी कोणती टाकायची याच्याशी आयोगाला देणंघेणं नाही. आतल्या कामाला बांधकाम खात्याचा परवाना लागणार असेल, तरच आयोगाचाही दाखला लागतो, आणि तो साधारणपणे अडत नाही.

मेंटेनन्सच्या आकड्याने माणूस दचकतो. काँडोच्या मासिक आकड्याशी त्याची थेट तुलना करणं चुकीचं आहे. को-ऑपच्या मेंटेनन्समध्ये इमारतीचा मालमत्ता कर, हीटिंग, कर्मचाऱ्यांचे पगार आणि इमारतीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ताही असतो. त्यातल्या कराचा आणि व्याजाचा तुमच्या वाट्याचा भाग प्राप्तिकरात वजावटीसाठी दाखवता येतो, अर्थात कायद्याच्या मर्यादेत. मला भीती वाटते ती फार कमी मेंटेनन्सची. राखीव निधी रिकामा ठेवून आकडा खाली ठेवला असेल तर बॉयलर किंवा छप्पर गेल्यावर जादा वर्गणी सगळ्यांच्या डोक्यावर येते. सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंती दर पाच वर्षांनी तपासून घ्याव्या लागतात. 1979 मध्ये इमारतीचा तुकडा डोक्यात पडून एका विद्यार्थिनीचा जीव गेला, त्यानंतर हा कायदा झाला. जॅक्सन हाइट्समधल्या अनेक इमारती सहा मजल्यांच्या आत असल्याने त्यातून सुटतात, पण रस्त्यालगतच्या कठड्यांची वार्षिक पाहणी त्यांनाही चुकत नाही. शिवाय 2019 च्या शहर कायद्याने 25,000 चौरस फुटांवरच्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा आली आहे. तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या जुन्या बॉयलरचा खर्च पुढे कोण आणि कसा भरणार, हे विचारायलाच हवं.

राहिला घराच्या आतला भाग. भिंती जाड, छत उंच, फरशी ओकच्या लाकडाची, हे खरं. आवाज मात्र जमिनीतून खाली जातो, म्हणून बहुतेक को-ऑपमध्ये बऱ्याचशा फरशीवर गालिचा अंथरण्याचा नियम असतो. वाफेच्या रेडिएटरची उष्णता सगळ्या इमारतीसाठी तळघरातून ठरते. जानेवारीत खिडकी उघडून बसावं लागलं तर नवल नाही. स्वयंपाकघरातून धूर थेट बाहेर नेणारी नळी सहसा नसते. रोज फोडणी देणाऱ्या घराने तिथे खिडकी आहे ना, एवढं तरी बघावं. शिशाच्या रंगावर शहराने 1960 मध्ये बंदी घातली, म्हणजे या घरांच्या जुन्या थरांत तो असणार असं धरूनच चालावं. लहान मूल असेल तर तपासणी करून घेतल्याशिवाय भिंत खरवडू नये.

घर आवडलं तर जरूर घ्या, कारण अशी हवेशीर, बागेभोवतीची घरं आता कोणी बांधत नाही. फक्त सही करण्याआधी को-ऑपच्या व्यवहारांत मुरलेला वकील गाठा आणि कंपनीचे गेल्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद, बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं आणि घराचे नियम त्याच्याबरोबर बसून वाचा.