आगीच्या वाटेनें पायीं

शहराचा इतिहास नुसता वाचण्यापेक्षां चालून पाहिला, तर अधिक चांगला ध्यानांत राहतो. लंडनमध्यें १६६६ सालच्या महाअग्नीची वाट दाखविणाऱ्या फेऱ्या निघतात. पुडिंग लेनमधील ज्या भटारखान्यांत आग लागली, त्या जागेपासून निघून लोक २०२ फूट उंचीच्या स्मारकस्तंभापाशीं थांबतात. आग कोठून कोठें गेली आणि गल्ल्या किती अरुंद होत्या, हें पुस्तकापेक्षां पायांना लवकर कळतें. मुंबईलाही अशी एक वाट आहे. ती १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत झालेल्या स्फोटाची व आगीची वाट होय. जळगांव-धुळ्याकडील मनुष्यास ती परकी वाटूं नये; कारण ह्या अनर्थाच्या मुळाशीं कापूस आहे.

खानदेशाचें कापसाशीं आणि मुंबईशीं नातें जुनें आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें, तेव्हां विलायतेच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासली. त्याच दशकांत खानदेशांत आगगाडी आली आणि जळगांवची पेठ भरभराटीस चढली. तो कापूस ज्या लोहमार्गानें बोरीबंदरास जाई, त्या मार्गाच्या शेवटच्या स्थानकावर, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर, उतरून ही फेरी सुरू करावी.

ज्यानें जिन-प्रेस जवळून पाहिला आहे, त्याला रुईच्या गांठीचा स्वभाव सांगावयास नको. गांठ कितीही दाबली तरी तंतूंमध्यें हवा कोंडलेली राहते. ठिणगी आंत शिरली कीं ज्वाला न दिसतां रुई आंतल्या आंत धुमसत राहते आणि वरून ओतलेलें पाणी घट्ट थरावरून ओघळून जातें. म्हणून पेटलेली गांठ उघड्यावर नेऊन फोडावी लागते व तिचे थर सुटे करावे लागतात. जहाजाच्या पोटांत ही सोय नसते.

स्थानकासमोरचा बझारगेटचा भाग हा फेरीचा पहिला मुक्काम. येथें त्याहूनही जुन्या एका आगीची आठवण करावी. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांतल्या बाजारांत आग लागली आणि तटाआंतल्या शहराचा सुमारें तिसरा हिस्सा जळाला. ती थोपविण्यासाठीं तोफा लावून घरें पाडावीं लागलीं. गव्हर्नर जोनाथन डंकन ह्यांच्या कारकीर्दींतील ह्या प्रसंगानंतर दाट वस्ती कोटाबाहेर, मांडवीच्या बाजूस वाढत गेली. आगीच्या भयानें शहर जिकडे सरकलें, तिकडेंच १४१ वर्षांनीं दुसरी आग येऊन पडली.

बझारगेटपासून उत्तरेकडे निघून पी. डिमेलो मार्ग धरावा. पूर्वीं ह्यास फ्रियर रोड म्हणत. डाव्या हातास मशीद स्थानक लागतें. हें नांव मुसलमानांच्या मशिदीवरून नव्हे, तर मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या, १७९६ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थनामंदिरावरून पडलें, असें मानतात. उजव्या हातास गोदीची लांबलचक भिंत आहे. तिच्यापलीकडे १८८० सालची प्रिन्सेस गोदी व तिच्यामागून बांधलेली व्हिक्टोरिया गोदी. परवानगीवांचून आंत जातां येत नाहीं आणि ह्या गोद्यांचा बराच भाग आतां भरून काढलेला आहे. तेव्हां भिंतीबाहेर उभें राहूनच त्या दुपारची कल्पना करावी लागते.

'फोर्ट स्टिकिन' हें १९४२ सालीं कॅनडांत बांधलेलें जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गें १२ एप्रिल रोजीं मुंबईस पोंचलें. जहाजावर सुमारें १,३९५ टन दारूगोळा होता. १२४ सोन्याच्या लगडी होत्या. शिवाय विमानें, इमारती लांकूड, वंगणाचीं पिंपें आणि कराचीस चढविलेल्या सुमारें ८,७०० कापसाच्या गांठी. एरवीं स्फोटक माल गोदीबाहेर खुल्या पाण्यांत पडावांवर उतरवीत. युद्धाच्या घाईंत हा नियम शिथिल झाला होता. असें जहाज ओळखूं यावें म्हणून लाल निशाण चढवावयाचें असतें; तेंही येथें चढविलेलें नव्हतें.

शुक्रवारचा तो दिवस. दुपारच्या सुट्टीनंतर दीड-दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणांतून धूर येतांना मजुरांनीं पाहिला. बंबवाले आले, नळ्यांमागून नळ्या आंत सोडल्या. शेंकडों टन पाणी ओतूनही आग सांपडेना. उलट, खणांत सांचलेल्या पाण्यावर जळत्या गांठी तरंगून वरच्या स्फोटक मालाकडे सरकूं लागल्या. जहाजाच्या कुशीवरचा रंग एका जागीं तापून फुगला, तेव्हां विस्तव कोठें आहे तें दिसलें. पण पोलादाच्या आड तो हातीं येईना.

एव्हांना धक्क्यावर निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी जमले होते. जहाज तेथेंच बुडवावें, असें एकाचें मत. पण गोदीचें पाणी पुरेसें खोल नव्हतें. ओढून समुद्रांत न्यावें, असें दुसऱ्याचें. आहे तेथेंच पाणी ओतीत राहावें, असें तिसऱ्याचें. कोणाचा अधिकार जहाजावर, कोणाचा गोदीवर, कोणाचा बंबांवर, कोणाचा दारूगोळ्यावर. ह्या सर्वांवर एकाचा शब्द चालेल असा कोणीच नव्हता. १९१७ सालीं कॅनडांतल्या हॅलिफॅक्स बंदरांत 'माँ-ब्लाँ' नांवाचें दारूगोळ्याचें जहाज पेटून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. तो धडा जगास ठाऊक होता. परंतु तो येथें अमलांत कसा आणावा, हें ठरविणारें कोणी नव्हतें.

चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि सुमारें अर्ध्या तासानें त्याहून भयंकर असा दुसरा. शेजारचें 'जलपद्म' हें सुमारें ४,००० टनांचें जहाज धक्क्यावर उचलून फेंकलें गेलें. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर हादऱ्याची नोंद उमटली. धडधडत्या गांठी आकाशांतून दाणाबंदर, मांडवी ह्या भागांवर पडल्या आणि ठिकठिकाणीं नव्या आगी लागल्या. मुख्य आगी आटोक्यांत यावयास तीन दिवस लागले. हजारों टन धान्य जळालें, आणि तें बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची आठवण ताजी असतांना. सुमारें ८०,००० लोक बेघर झाले. मृतांचा आंकडा निरनिराळ्या गणनांत आठशेंपासून तेराशेंपर्यंत जातो. सोन्याची एक लगड जवळजवळ मैलभर अंतरावरील एका घराचें छप्पर फोडून आंत पडली, आणि घरमालकानें ती सरकारांत परत केली. गोदीचा गाळ उपसतांना पुढें कित्येक वर्षें अशा लगडी सांपडत राहिल्या.

बातमीचीही स्वतंत्र कथा आहे. युद्धकाळच्या नियंत्रणामुळें वृत्तपत्रांना सविस्तर मजकूर छापण्यास मे महिना उजाडावा लागला. मात्र जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव नभोवाणीनें दुसऱ्याच दिवशीं तें वृत्त जगाला ऐकविलें. अधिकृत बातमी नसली कीं तिची जागा अफवा घेते. घातपाताची अफवा त्यांतूनच पसरली. सरकारी चौकशींत तिला आधार मिळाला नाहीं.

फेरीचा शेवट भायखळ्यास, अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यांत उभ्या असलेल्या स्मारकाशीं करावा. त्या दिवशीं दलाचे ६६ जवान मृत्युमुखीं पडले. पाणी ओतणें हें त्यांचें काम होतें आणि तें सोडून ते हलले नाहींत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून आठवडाभर देशांत अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहांत जळगांव-धुळ्याच्या जिन-प्रेसमध्यें पाण्याच्या नळ्या तपासल्या जातील. परंतु आग लागल्यास अखेरचा हुकूम कोणी द्यावयाचा, हें आधींच ठरवून भिंतीवर लिहून ठेवणें तितकेंच अगत्याचें आहे.

बोरीबंदरापासून भायखळ्यापर्यंतची ही सारी वाट सुमारें चार किलोमीटरांची. मुक्कामामुक्कामावर थांबत, मनुष्यांशीं बोलत चाललें तरी ती अडीच तासांत पुरी होते. धूर दिसल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंत धक्क्यावरच्या मंडळींच्या हातीं साधारण तितकाच वेळ होता.