दुबई की जर्मनी? : परदेशी निघालेल्या कारागीर मुलांच्या घरांसाठी



आपल्या कार्यक्षेत्रात आता पुष्कळ घरांत एक तरी मुलगा आय.टी.आय. झालेला आहे. कुणी फिटर आहे, कुणी वेल्डर, कुणी इलेक्ट्रिशियन. काही घरांतल्या मुली नर्सिंगचा कोर्स करून बसल्या आहेत. दोन-अडीच एकर उसावर दोन भावांचे संसार चालत नाहीत, हे आपणांस सांगायला नको. म्हणून घरोघर परदेशाचा विषय निघतो. बहुतेकांपुढे दोन वाटा असतात, एक संयुक्त अरब अमिरातीची, जिला आपण सरसकट दुबई म्हणतो, आणि दुसरी जर्मनीची.

विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "पगार कुठं जास्त?" आमच्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की पोरगं परत यायचं आहे की तिथंच राहायचं आहे? त्याचे उत्तर घरात आधी ठरले, तर देश आपोआप ठरतो.

दोन वाटा, दोन स्वभाव

1973 साली एक योग जुळून आला. जर्मनीने 1955 पासून इटली, तुर्कस्तान वगैरे देशांतून कामगार आणले होते, ती भरती नोव्हेंबर 1973 मध्ये बंद केली. त्याच सुमारास तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत पैसा आला आणि आपल्या माणसांना तिकडची दारे उघडली. तेव्हापासून परदेश म्हणजे आखात, हे समीकरण आपल्याकडे पक्के झाले. आज जर्मनीत म्हातारी माणसे वाढली आणि कामाला हात कमी पडू लागले, म्हणून तिने दार पुन्हा उघडले आहे. डिसेंबर 2022 मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात याविषयी करार झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा स्वतंत्र करार केला. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. हे शहर 1968 पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर दुबई म्हणजे सुरू ऊस आणि जर्मनी म्हणजे आडसाली. सुरू लवकर हाती येतो. आडसालीला थांबावे लागते, पाणी-खत जास्त घालावे लागते, पण वजन वेगळे पडते. ज्याच्या विहिरीला तेवढे पाणी नाही, त्याने शेजाऱ्याचे पाहून आडसाली धरू नये, हेही तितकेच खरे.

दुबईचे गणित

दुबईला भाषा शिकत बसावे लागत नाही. हिंदी आणि मोडक्या इंग्रजीवर काम भागते. पगारावर प्राप्तिकर नाही. पुष्कळ कंपन्या राहण्याची सोय देतात. नोकरी वर्षभर पुरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या वर्षांसाठी 30 दिवसांचा. इथे "मूळ पगार" हा शब्द बघून घ्यावा. करारात मूळ पगार थोडा आणि भत्ते फार, असे असेल तर ग्रॅच्युइटीही थोडीच मिळते.

उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम तिथल्या नियमाने बंद असते. कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे आणि भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारणे, दोन्ही तिथल्या कायद्याला मंजूर नाही. हे मुलाला जाण्याआधी तोंडपाठ असावे.

मात्र तिथला मुक्काम नोकरीपुरता. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली आणि ठरल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही, तर देश सोडावा लागतो. साध्या कारागिराला तिथले नागरिकत्व मिळण्याची आशा धरू नये. बायका-मुलांना न्यायचे तर महिना 4,000 दिरहम पगार हवा, किंवा 3,000 आणि वर राहण्याची सोय. त्याहून कमी पगाराचा गडी एकटाच राहतो. सुट्टीला येतो तेव्हा पोर त्याला ओळखत नाही, अशी उदाहरणे आपण गावात पाहतो.

जर्मनीचे गणित

जर्मनीत पहिली अडचण भाषेची. ए-1, ए-2, बी-1, बी-2 अशा पायऱ्या असतात. नर्सला बी-2 पर्यंत जावेच लागते. कारागिरालाही बी-1 पर्यंत गेल्याशिवाय तिथे नीट उभे राहता येत नाही. म्हणजे एक वर्ष तरी घरी बसून अभ्यास, आणि तोवर कमाई नाही. पुणे-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात शिक्षण आणि परीक्षेची सोय आहे.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. तिकडे कारागिराचे शिक्षण बहुधा तीन-साडेतीन वर्षांचे, थोडे शाळेत आणि जास्त कारखान्यात असते. आपला आय.टी.आय. ट्रेडप्रमाणे एक किंवा दोन वर्षांचा. त्यामुळे आपले प्रमाणपत्र पुष्कळदा "अर्धे मान्य" होते आणि उरलेले तिथे जाऊन पुरे करावे लागते. मार्च 2024 पासून मालकाशी करार करून, काम करता करता ही मान्यता पुरी करण्याची सोय झाली आहे. त्यासाठी ए-2 एवढी भाषा लागते. मुलगा नुकताच बारावी झालेला असेल, तर तिथे जाऊन विद्यावेतनावर पहिल्यापासून धंदा शिकण्याचीही वाट आहे.

जून 2024 पासून "संधी-कार्ड" म्हणून एक परवाना निघाला आहे. त्याविषयी एजंट फार गोड बोलतात. ते कार्ड म्हणजे तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधण्याची परवानगी. तेवढ्या काळाचा खर्च आपल्याजवळ आहे, हे आधी दाखवावे लागते. ते हाती आले म्हणजे नोकरी लागली, असे कुणी समजू नये.

हे सारे पार पडले की पुढे मात्र जमीन पक्की. मान्यताप्राप्त कारागिराला साधारण तीन वर्षांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो. कुटुंब नेता येते आणि पत्नीला काम करता येते. सरकारी शाळेत फी नाही. आजारपणाचा विमा आणि पेन्शन पगारातूनच जमा होते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून अमलात असल्याने दोन्ही देशांतला वर्गणीचा काळ जोडून धरता येतो.

टनेज आणि उतारा

नुसत्या टनावर साखर मोजत नाहीत, उतारा पाहतात. पगाराचेही तसेच. समजण्यापुरते आकडे घेऊ. दिरहम 24 रुपये आणि युरो 100 रुपये धरू.

दुबईत 2,000 दिरहम पगार, राहणे कंपनीचे. खाणे, फोन, किरकोळ 500. हातात 1,500, म्हणजे 36,000 रुपये.

जर्मनीत 3,000 युरो पगार. कर, विमा, पेन्शन मिळून एकट्या माणसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा कापला जातो. उरले 2,000. घरभाडे आणि हीटरचा खर्च 700, खाणे-प्रवास 600. हातात 700, म्हणजे 70,000 रुपये.

ऐकायला तीन लाख आणि अठ्ठेचाळीस हजार. हातात पडायला सत्तर आणि छत्तीस. फरक आहे, पण लोक म्हणतात तेवढा नाही. शिवाय जर्मनीच्या आकड्यातून भाषेचे बिनकमाईचे वर्ष वजा करा. बायको-मुले तिकडे गेली की गावाकडे येणारा पैसा आटतो, हेही लक्षात घ्या. तो संसारात जातो, वाया जात नाही. पण त्यावर इकडे कर्जाचे हप्ते बांधले असतील तर घर अडचणीत येते.

सात-बाराचे काय?

ही गोष्ट कुणी एजंट सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. नोकरीसाठी परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला, त्याचा पासपोर्ट भारतीय असला तरी, परकीय चलन कायद्यानुसार (फेमा) शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची आहे ती ठेवता येते. वारसाने येणारी घेता येते. पण तिकडून पैसा पाठवून शेजारचा एकर स्वतःच्या नावावर घ्यायचा, हे चालत नाही.

मुलाने बक्षीस दिलेल्या पैशातून वडिलांनी जमीन घेतली, तर ती वडिलांची. त्यांच्या पश्चात सर्व वारसांचा तिच्यावर हक्क. हे चारी भावंडांना आजच समोर बसवून सांगावे. नाहीतर पैसा एकाचा, घाम दुसऱ्याचा आणि तारखा कोर्टाच्या, असे होते.

जर्मनीत पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येते. जून 2024 पासून जर्मनी दोन नागरिकत्वे चालवून घेते, पण भारत घेत नाही. तिकडचे घेतले की इकडचे 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार संपते. मग ओ.सी.आय. कार्ड मिळते, त्यावर येता-जाता, राहता येते, मात्र शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याला पुढे मागे परत येऊन शेती वाढवायची आहे, त्याने कायम राहण्याच्या परवान्यावर थांबावे आणि भारतीय पासपोर्ट सोडू नये.

निघण्यापूर्वी

एजंट सरकारमान्य आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. मान्य एजंटाला कामगाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जी.एस.टी. यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणाऱ्याच्या दारात उभे राहू नये. व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर नोकरी लावतो, असे कुणी म्हणाले तर तिथूनच परत फिरावे. दहावी न झालेल्या मुलाला आखातासाठी सरकारी उत्प्रवास परवानगी लागते, तिच्यासोबत 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही असतो. करार हाती आल्याशिवाय सोसायटीचे वा सोनाराचे कर्ज काढू नये.

शेवटी एवढेच की घरावर कर्ज आहे, चार-पाच वर्षांत फेडून मुलाने परत शेतात यायचे आहे, तर दुबई बरी. मुलगा विशीतला आहे, अभ्यासाला बसू शकतो आणि त्याने बाहेरच संसार थाटावा हे आई-बापांनी मनापासून मान्य केले आहे, तर जर्मनी बरी. ऊस कुणी करायचा, म्हाताऱ्यांना कुणी पाहायचे, याचा निर्णय मुलगा विमानात बसण्याआधी व्हावा. पैसे पाठवण्याच्या सोयी आता पुष्कळ झाल्या, पण बांधावर उभे राहायला माणूसच लागतो.