घाट, घसारा आणि कातळ : कर्जत–खालापूरच्या जमिनीवर लांब पल्ल्याची माउंटन बाइक शर्यत

रायगड म्हटले की समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो. पण त्याच जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या थेट पायथ्याशी वसलेले आहेत. राजमाचीच्या परिसरातील दऱ्यांतून निघालेली उल्हास नदी कर्जतवरून उत्तरेकडे वळते, तर खोपोलीजवळून निघणारी पाताळगंगा पश्चिमेला खाडी गाठते. या दोन खोऱ्यांच्या माथ्यावर पाचशे-सहाशे मीटरांचा घाटमाथा उभा आहे आणि तो चढून जाण्याच्या वाटा दोन हजार वर्षांपासून वापरात आहेत. लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक शर्यतीला जे जे लागते, म्हणजे मोठा चढ, अवघड उतार, दर चार-पाच किलोमीटरला पालटणारी जमीन आणि वाटेत पाणी मिळेल अशी वस्ती, ते सारे या टापूत एका दिवसाच्या अंतरात सापडते. अशा शर्यतींसाठी भारतीय सायकलपटू हिमालयाकडे धाव घेतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु या खेळाची पायाभूत शिकवण द्यायला सह्याद्रीचा हा पायथा हिमालयाइतकाच, काही बाबतींत अधिक समर्थ आहे.

माउंटन बाइक म्हणजे रुंद व खाचदार टायर, भक्कम सांगाडा, चढासाठी अतिशय हलके गिअर आणि बहुधा पुढच्या काट्यात धक्के शोषणारे सस्पेन्शन असलेली, कच्च्या वाटेसाठी घडवलेली सायकल. तिच्या लांब पल्ल्याच्या शर्यती मुख्यतः चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार मॅरेथॉनचा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार तिचे अंतर साधारण ६० ते १६० किलोमीटर असते व ती एका दिवसात संपते. दुसरा टप्प्यांच्या शर्यतीचा, ज्यात अनेक दिवसांच्या वेळांची बेरीज करून विजेता ठरतो. तिसरा चोवीस तास एकाच फेरीवर जास्तीत जास्त आवर्तने करण्याचा. आणि चौथा बाहेरची मदत न घेता, स्वतःचे सामान स्वतः वाहत शेकडो किंवा हजारो किलोमीटर जाण्याचा.

इतिहास थोडक्यात असा. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून सोडून ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली आणि जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांनी त्यातून नवी सायकल घडवली. १९९० साली अमेरिकेतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. अमेरिकेतील लेडव्हिल १०० ही शंभर मैलांची शर्यत १९९४ पासून, तर दक्षिण आफ्रिकेतील दोघांच्या संघांची केप एपिक ही शर्यत २००४ पासून भरते. भारतात हिमाचल प्रदेशातील ‘एमटीबी हिमालया’ ही टप्प्यांची शर्यत २००५ साली सुरू झाली आणि २०२३ साली केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा पार पडली.

खालापूर तालुक्याचा सायकल शर्यतीशी संबंध मात्र माउंटन बाइक जन्मण्याच्या आधीपासूनचा आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यत बोरघाटातून जाते आणि घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. हा किताब शर्यतीच्या विजेत्यालाच मिळेल असे नसते, आणि त्यामागे शारीरिक कारण आहे. चढावर हवेचा अडथळा कमी व गुरुत्वाकर्षणाचा भार जास्त असल्याने तेथे हलक्या अंगाच्या सायकलपटूचा वरचष्मा राहतो, तर लोणावळ्यानंतरच्या पठारावर घोळक्यात राहून वाऱ्यापासून बचाव करणारा, अंगात जोर असलेला स्वार पुढे सरकतो. खोपोलीच्या रस्त्याकडेला उभे राहून ही शर्यत पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यात पुण्यात कोण जिंकले यापेक्षा घाट कोणी मारला हाच विषय आजही आधी निघतो, आणि त्यांची ही पसंती योग्यच म्हटली पाहिजे.

बोरघाटाचा इतिहास या संदर्भात थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. कार्ले, भाजे आणि कोंढाणे येथील लेणी कोकणातील बंदरांकडून देशावर जाणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपास कोरलेली आहेत आणि राजमाचीचा जोडकिल्ला याच वाटांवर नजर ठेवून होता. चाकांच्या गाड्यांसाठी योग्य असा घाटरस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला आणि घाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली. रेल्वेचा चढ ३७ मीटरांना एक मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि तेवढ्यासाठीही पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात. रस्त्याचा चढ त्याहून तीव्र आहे. घाटात शिंगरोबाचे देऊळ लागते. ही वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका असून येणारे-जाणारे वाहनचालक तेथे नाणे वाहतात. मोजणीची यंत्रे घेऊन आलेल्यांना जो चढ सापडेना तो गुरांमागे हिंडणाऱ्या माणसाला ठाऊक होता, ही या कथेतील गोष्ट डोंगरात सायकल चालवणाऱ्याला सहज पटते, कारण कच्च्या वाटेवरचा सर्वांत सोपा चढ आजही बहुधा गुरांच्या पायांनीच आखलेला असतो.

खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरांवर आणि लोणावळा ६२० मीटरांच्या आसपास आहे; म्हणजे पंधराएक किलोमीटरांच्या रस्त्यात सायकलपटू सुमारे ५५० मीटर उंची गाठतो. हीच उंची खोपोलीच्या जलविद्युत केंद्राचा आधार आहे. १९१५ पासून टाटांच्या या केंद्रात घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून वीज निर्माण केली जाते आणि वापरलेले पाणी पाताळगंगेत जाते. पाणी उतरताना जी ऊर्जा देते, तीच सायकलपटूला चढताना मोजावी लागते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर ५५० मीटर वर जाण्यास निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४६० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटच्या आठव्या भागाइतके काम होते. हा चढ एका तासात संपवायचा तर सरासरी सुमारे १२७ वॅट शक्ती केवळ वर चढण्यासाठी लागते. टायरचे घर्षण आणि हवा यांचा खर्च वेगळा. स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवतात आणि बाकीची उष्णतेत जाते, त्यामुळे या एका घाटासाठी शरीराची साडेचारशेच्या आसपास किलोकॅलरी खर्ची पडते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीचे सारे गणित या आकड्यात दडलेले आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, सुमारे दीड ते दोन हजार किलोकॅलरी पुरवते, आणि जोराने चालवल्यास हा साठा दोन-तीन तासांत संपत येतो. आतडी तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकेच पचवू शकतात, म्हणजे आत येणारी ऊर्जा तासाला २४० ते ३६० किलोकॅलरींच्या पुढे जात नाही. खर्च नेहमीच जमेपेक्षा जास्त. म्हणून पहिल्या घाटात जो इतरांच्या मागे लागून दम खर्च करतो, तो तिसऱ्या घाटात हातपाय गळून रस्त्याकडेला बसलेला आढळतो. सायकलपटू या अवस्थेला ‘बाँक’ म्हणतात. ती टाळण्याचा उपाय म्हणजे भूक लागण्याआधी, पहिल्या अर्ध्या तासापासूनच थोडे थोडे खात राहणे. परदेशी जेलची पाकिटे सोयीची असली तरी खजूर, केळे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी हे काम उत्तम करतात. कर्जत स्थानकावरचा प्रसिद्ध बटाटेवडा मात्र शर्यत संपल्यानंतरच खावा, कारण तळलेला पदार्थ पोटात रेंगाळतो.

डांबरी घाट ही केवळ प्रस्तावना. माउंटन बाइकची खरी परीक्षा राजमाचीच्या वाटेवर होते. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला असल्याने त्याची रचना पायऱ्यांची आहे. कठीण थराचा कडा उभा राहतो आणि मऊ थर झिजून सपाटी बनते. त्यामुळे येथे चढ एकसारखा येत नाही. बराच वेळ जवळजवळ सपाट वाट लाभते आणि मग अचानक पंधरा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरांत पंधरा मीटर उंची घेणारा टप्पा समोर येतो, जेथे ताशी पाच किलोमीटर वेग टिकवायलाही दोनशे वॅटच्या घरात शक्ती लागते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाणारा, पंधरा किलोमीटरांच्या आसपासचा कच्चा रस्ता याचा उत्कृष्ट नमुना आहे. त्यावर आधी घट्ट मुरूम येतो, ज्यावर टायर चांगला पकडतो. मग उघडा कातळ, जो कोरडा असताना डांबराहून भरवशाचा आणि शेवाळ धरल्यावर काचेसारखा निसरडा असतो. मग रानातील पालापाचोळ्याने झाकलेली माती, आणि उतारांवर घसारा, म्हणजे सुट्या दगडगोट्यांचा थर. घसाऱ्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते. तेथे वजन मागे घेऊन, नजर चाकापुढे न ठेवता आठ-दहा मीटर लांब टाकून, सायकलला तिची वाट शोधू द्यावी लागते. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत पोहोचल्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले डोक्यावर दिसतात आणि पलीकडे उल्हासचे खोरे एकदम खोल उतरते.

उधेवाडीहून कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरणारी पायवाट कर्जत तालुक्यात नेते. तिचे बरेच टप्पे चालवण्याजोगे नाहीत; तेथे सायकल खांद्यावर घेऊन उतरावे लागते. काही सायकलपटू यास कमीपणा मानतात, पण सायकल उचलून चालणे हे लांब पल्ल्याच्या शर्यतींचे मान्य अंग आहे आणि त्याचा सराव नसलेला स्वार, पाय कितीही बळकट असले तरी, अपुरा तयार समजावा. कर्जत, खोपोली, बोरघाट, लोणावळा, राजमाची, कोंढाणे आणि पुन्हा कर्जत असे वर्तुळ साठ ते सत्तर किलोमीटरांचे भरते. मॅरेथॉन शर्यतीच्या किमान अंतराइतके ते आहे आणि अवघडपणात त्याहून बरेच पुढचे. या वर्तुळात धोक्याची जागा एकच, आणि ती रानात नाही. घाटात जुना रस्ता आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र येतात, तेथे अवजड वाहनांच्या बाजूने जाणे हे कोणत्याही घसाऱ्यापेक्षा भीतिदायक आहे. उत्तरेला कोठलीगडाच्या पायथ्याचा, आंबिवलीहून पेठ गावाकडे जाणारा चढ आणि दक्षिणेला चावणीजवळची उंबरखिंड, जेथे २ फेब्रुवारी १६६१ रोजी घाट उतरून आलेल्या मुघल सरदार कारतलबखानाच्या सैन्याला शिवाजी महाराजांनी अडचणीच्या जागी गाठले, ही सरावाची आणखी दोन क्षेत्रे आहेत.

सायकलीच्या निवडीबाबत दोनच गोष्टी निर्णायक आहेत. पहिली गिअरची. पुढे ३२ दात्यांचे चक्र, मागे ५१ दात्यांचे सर्वांत मोठे चक्र आणि २९ इंची चाक असल्यास पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरहून थोडी कमी पुढे जाते. साध्या काळ्या सायकलीवर हेच अंतर पाच मीटरांच्या आसपास असते. दुसरी गोष्ट टायरमधील हवेची. रस्त्याच्या सायकलीत ८०–१०० पीएसआय दाब भरतात, तर सव्वादोन इंच रुंदीच्या टायरमध्ये २० ते ३० पीएसआय पुरतो, कारण मऊ टायर दगडाला बिलगतो. ट्यूब काढून आत सीलंट नावाचे द्रव घातल्यास बाभळीच्या काट्याने झालेले छिद्र धावता धावता बुजते. महागडा सांगाडा याच्या बऱ्याच नंतर येतो.

महाराष्ट्राने लांब पल्ल्याचे थोर सायकलपटू दिले आहेत, पण त्यांची कीर्ती प्रामुख्याने डांबरी रस्त्यावरची आहे. अमेरिका आडवी पार करणाऱ्या, सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत अंतर पूर्ण केले. २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली; डॉ. समर्थ यांनी २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरांची शर्यतही पार केली. या सहनशक्तीला कच्च्या वाटेचे कौशल्य जोडण्यासाठी सराव करता येईल अशी नियमित शर्यत सह्याद्रीत असणे आवश्यक आहे.

अशा शर्यतीचा काळही जमिनीनेच ठरवून दिला आहे. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबरात लाल चिखल चेन आणि ब्रेक पॅड खाऊन टाकतो आणि चाकांच्या खुणांतून वाटेला चर पडतात. मार्चनंतर ऊन असह्य होते व वणव्यांचा धोका असतो. भाताची झोडणी उरकून खाचरे मोकळी झाली की डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उरतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून झालेल्या जीवितहानीनंतर पावसाळ्यात या उतारांवर शेकडो माणसे जमवण्याचा विचारही कोणी करू नये. संयोजकांनी वनखात्याची परवानगी, वाटेतील ठाकूर-कातकरी वाड्यांची संमती आणि त्यांना रोख मोबदला मिळेल अशी पाणी-जेवणाची व्यवस्था या तीन गोष्टी आधी कराव्यात, मार्ग मागून आखावा, आणि तो आखताना वाडीतल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे.