लहान विमानतळ कुणाच्या भरवशावर चालतो?



'वाहतुकीची साधने' हा पाठ शिकवताना विमानतळ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा विमानतळ येतो. काचेची उंच इमारत, सरकत्या पट्ट्यावरच्या बॅगा, रांगा, पोलीस. जगातले बहुतेक विमानतळ असे नसतातच. एक धावपट्टी, पत्र्याच्या चार-दोन शेड, एक इंधनाचा पंप आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, एवढ्यावर त्यांचं काम भागतं. या लेखात अशाच विमानतळांविषयी आणि त्यांच्यापुढच्या एका अडचणीविषयी बोलू. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली घेतली आहेत, कारण असे विमानतळ सगळ्यात जास्त तिथे आहेत.

अमेरिकेत विमान उतरू शकेल अशा लहानमोठ्या जागा मोजल्या, तर त्या सुमारे २० हजार भरतात. त्यातल्या साधारण ५ हजार सर्वांसाठी खुल्या आहेत. आणि तिकीट काढून प्रवासी विमानात बसता येईल असे विमानतळ किती? जेमतेम ५००. बाकीच्या साडेचार हजारांवर चालतं त्याला 'जनरल एव्हिएशन' म्हणतात. नियमित प्रवासी सेवा आणि लष्कर वगळून उरलेलं सगळं उडणं यात येतं. वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांचे पहिले धडे, पिकांवर फवारणी, रुग्णाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेणारी विमानं, वणव्यावर लक्ष ठेवणारी विमानं, आणि हौस म्हणून उडणारे लोकही. जंबो जेट चालवणाऱ्या कित्येक वैमानिकांनी सुरुवात अशाच एखाद्या धावपट्टीवर केलेली असते.

यातले बरेच विमानतळ शहराच्या किंवा काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या संस्थेच्या मालकीचे आहेत. काही मात्र चक्क एका कुटुंबाच्या किंवा छोट्या कंपनीच्या मालकीचे आहेत, तरीही सर्वांना खुले आहेत. हे मुलांना पटकन कळत नाही. आपल्या गावातल्या खासगी विहिरीचं उदाहरण द्या. विहीर एकाच्या शेतात असते, पण पाणी अर्धा गाव भरतो. गाळ काढायचा, कठडा बांधायचा खर्च मात्र मालकाचा. उद्या मालकाच्या मुलांनी ती बुजवून तिथे दुकानाचे गाळे काढायचे ठरवले, तर त्यांना कोण अडवणार? आणि अडवायचं असेल, तर आजवर त्यांच्या खर्चात वाटा कुणी उचलला होता?

आता थोडं गणित करू. आकडे फळ्यावर मांडण्यासाठी धरलेले आहेत, खऱ्या विमानतळाचे नाहीत. समजा, १०० एकरांचा विमानतळ आहे. विमानं ठेवायच्या ४० शेड आहेत, त्यांना हँगर म्हणतात. प्रत्येकाचं भाडं महिना ४०० डॉलर. वर्षाचे झाले १ लाख ९२ हजार. इंधनविक्रीतून थोडं सुटतं, फ्लाइंग स्कूलकडून थोडं भाडं येतं. सगळे मिळून अडीच लाख धरू. यातून गवत कापणं, दिवे, विमा, पगार आणि मालमत्ता कर भागवायचा. दहा-पंधरा वर्षांनी धावपट्टीवर नवा थर द्यायचा झाला, तर तो खर्च एका वर्षाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट होतो. आता दुसरी बाजू. त्याच जागेला बिल्डर एकरी एक लाख डॉलर द्यायला तयार आहे. शंभर एकरांचे झाले १ कोटी. ते नुसते ५ टक्क्यांनी बँकेत ठेवले तरी वर्षाला ५ लाख डॉलर व्याज, आणि गवतही कापायला नको.

म्हणजे असा विमानतळ तोट्यात असायचीही गरज नाही. तो नीट चालत असला, तरी खालची जमीन त्याच्या दुप्पट कमावू शकते. मालक जोवर स्वतः उडण्याचा वेडा आहे, तोवर हे गणित तो मांडत नाही. त्याच्यानंतरची पिढी मांडते. माझ्या मते खासगी विमानतळांचा खरा नाजूक क्षण हाच, वारसाचा.

सार्वजनिक मालकीच्या विमानतळाला दोन आधार असतात. एक, त्याला मालमत्ता कराचा बोजा सहसा नसतो. दुसरा आधार मोठा आहे. विमान तिकिटांवरच्या आणि इंधनावरच्या करातून केंद्र सरकार एक निधी चालवतं. त्यातून लहान विमानतळाच्या धावपट्टीच्या कामाला साधारण ९० टक्के रक्कम मिळू शकते. बदल्यात विमानतळाने २० वर्षं सर्वांसाठी खुलं राहायचं वचन द्यायचं. केंद्राच्या पैशातून जमीन घेतली असेल, तर त्या वचनाला मुदतच नसते. खासगी विमानतळाला हे पैसे क्वचित मिळतात. जवळच्या मोठ्या विमानतळाची गर्दी हलकी करणारा अशी त्याची नोंद असेल, तर दार थोडं उघडतं. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी मराठी मंडळी खूप आहेत. तुमचं कुणी तिथे असेल, तर साउथ प्लेनफिल्डच्या हॅडली रोडबद्दल विचारा. दुकानं, हॉटेलं, वाहनतळ यांनी भरलेला भाग आहे. तिथे एकेकाळी हॅडली नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर हॅडली फील्ड हा विमानतळ होता. १ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या बाजूचं टोक हे शेत होतं. १९६८ मध्ये तो बंद झाला. आता त्या रस्त्याच्या नावापलीकडे सहज दिसण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

त्याच राज्यात, तिथून पश्चिमेला रीडिंग्टन नावाच्या गावात, वेगळी गोष्ट घडली. ती जरा सविस्तर सांगतो.

थॉर सोलबर्ग हे नॉर्वेहून अमेरिकेत आलेले वैमानिक. हजार वर्षांपूर्वी लेव्ह एरिक्सन हा दर्यावर्दी उत्तर अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला पोचला, असं मानतात. सोलबर्ग यांनी १९३५ मध्ये पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानातून उलट दिशेने, न्यूयॉर्कहून ग्रीनलँड, आइसलँड असे टप्पे घेत नॉर्वे गाठलं. (इतिहासाच्या शिक्षकांनी नकाशावर हा मार्ग मुलांकडून काढून घ्यावा. एका तासाचं छान काम होतं.) पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी रीडिंग्टनला स्वतःचा विमानतळ काढला. १९६७ मध्ये ते गेले आणि विमानतळ त्यांच्या तीन मुलांकडे आला. आजूबाजूची शेतं, कुरणं, झाडी धरून कुटुंबाची जमीन सातशे एकरांहून जास्त, प्रत्यक्ष विमानतळ त्यातल्या मधल्या साधारण शंभर एकरांवर. दरवर्षी जुलैच्या अखेरीस तिथे गरम हवेच्या फुग्यांचा मोठा महोत्सव भरतो. न्यू जर्सीतल्या आपल्या कितीतरी मुलांनी विमानतळ म्हणून ही जागा पाहिलीच नसेल, 'फुग्यांचं मैदान' म्हणूनच पाहिली असेल.

या वारसांनी जमीन विकायला काढली नाही. उलट त्यांना धावपट्टी लांबवायची होती, सुधारणा करायच्या होत्या. गावाला धास्ती बसली की उद्या इथे जेट विमानं येऊ लागतील. मग तिथल्या टाऊनशिपने, म्हणजे आपल्या नगरपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेने, २००६ मध्ये वेगळीच चाल केली. मोकळी जागा आणि निसर्ग राखायचा, असं कारण देऊन भोवतालची सव्वासहाशे एकरांच्या आसपास जमीन सक्तीने संपादित करायची, आणि मधल्या विमानतळाचे फक्त 'विकासाचे हक्क' घ्यायचे. त्यासाठी २ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज काढायला मतदारांनी मंजुरीही दिली.

'विकासाचे हक्क' ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. जमीन तुमचीच राहते, पण तिच्यावर इमारती बांधायचा हक्क सरकार पैसे देऊन विकत घेतं. पैसे मिळाल्यामुळे मालकाला ती बिल्डरला विकायची निकड राहत नाही आणि जागा आहे तशी टिकते. विमानतळ वाचवायचा हा खरं तर उत्तम उपाय. मालक राजी असेल तर! रीडिंग्टनमध्ये हाच उपाय विमानतळाला वाढू न देण्यासाठी, मालकाच्या मनाविरुद्ध वापरायचा बेत होता. आपल्याकडे पुरंदरला नव्या विमानतळासाठी भूसंपादन होऊ नये म्हणून सात गावांतले शेतकरी उभे राहिले. इथे विमानतळवालाच आपली जमीन वाचवायला न्यायालयात उभा होता.

खटला खूप वर्षं चालला. २०१५ मध्ये न्यायालयाने हे संपादन रद्द केलं. मोकळी जागा राखणं हे वर दाखवायचं कारण होतं, खरा हेतू विमानतळाला बांधून ठेवण्याचा होता, आणि हा सक्तीच्या भूसंपादनाच्या अधिकाराचा उघड गैरवापर आहे, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला. विमानतळांवर नियंत्रण ठेवणं हे राज्याचं काम आहे, ते टाऊनशिपने मागच्या दाराने हातात घ्यायचं नाही, हा मुद्दाही त्या वादात महत्त्वाचा ठरला. २०१७ मध्ये अपिलातही कुटुंबाचीच बाजू टिकली.

गावकऱ्यांना खलनायक करू नका, मुलांसमोर तर नकोच. आवाजाची तक्रार खरी असते. फ्लाइंग स्कूलची विमानं एकाच घरावरून दिवसभर घिरट्या घालतात. दुसरी तक्रार पालक म्हणून आपल्याला जास्त लागेल. लहान विमानांच्या इंजिनांत बहुतांशी अजूनही शिसं मिसळलेलं पेट्रोल वापरतात. मोटारींसाठी ते कधीच बंद झालं. कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाभोवती काउंटीने तपासणी करवली. विमानतळाच्या जवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त आहे, असं २०२१ मध्ये समोर आलं. १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिशाचं इंधन विकणं बंद केलं. २०३० च्या अखेरपर्यंत देशभर हे इंधन थांबवण्याचं उद्दिष्ट अमेरिकेने ठेवलं आहे. त्यासाठी टाक्या, पंप बदलायला पैसे लागतील, आणि खासगी विमानतळाला ते पुन्हा खिशातूनच घालावे लागतील. लहान विमानतळ टिकावेत असं मला मनापासून वाटतं, पण शेजारच्या मुलांच्या रक्तातल्या शिशाकडे डोळेझाक करून ते टिकवा असं म्हणता येणार नाही.

मालकी सार्वजनिक असली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. शिकागोच्या तलावाकाठचा मेग्ज फील्ड शहराचाच होता. मार्च २००३ मध्ये महापौरांच्या हुकुमावरून रात्रीतून बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठ्या फुल्या खणून गेले. उभी असलेली विमानं तिथेच अडकली. नंतर शहराला दंड झाला, विमानतळ काही परत आला नाही.

आपल्याकडे मधला प्रकार झाला. नांदेड, लातूर, बारामती, तेव्हाचं उस्मानाबाद आणि यवतमाळ हे पाच विमानतळ एमआयडीसीने २००९ मध्ये अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहातल्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिले. अपेक्षेसारखी वाढ झाली नाही, तेव्हा ते परत घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. परत घेण्याची भाषा करता आली, कारण जमीन सरकारने विकली नव्हती.

शिक्षकांना आवडेल असं एक उदाहरण राहिलं. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडजवळ फ्लॅबॉब नावाचा खासगी विमानतळ आहे. फ्लेवियो आणि बॉब या दोन मालकांची नावं जोडून ते गमतीदार नाव झालं. २००० साली तो विकला जाऊन नाहीसा होण्याची वेळ आली, तेव्हा टॉम वॅथन या उद्योजकाने तो विकत घेतला आणि एका संस्थेच्या हाती दिला. पुढे आवारात शाळा निघाली. जुनी विमानं दुरुस्त करणारे म्हातारे लोक हँगरमध्ये आणि मुलं शेजारी वर्गात! मुलांना शिकवणारा विमानतळ बंद करा म्हणायला गावातली माणसंही दोनदा विचार करतात. पण यालाही एक पैसेवाला, हौशी माणूस नेमक्या वेळी भेटावा लागला.

सोलबर्ग विमानतळ आजही चालू आहे. न्यायालयाने जमीन सक्तीने घेणं थांबवलं. कुटुंबाने स्वखुशीने विकायचं ठरवलं, तर त्या निकालात त्यांना अडवणारं काही नाही. रीडिंग्टनच्या गावकऱ्यांना तेव्हा जेट विमानं नको होती. सातशे एकरांवर घरं उभी राहिली, तर त्यांना ती हवी असतील का, हे तुमच्या वर्गातल्या दोन गटांना वादासाठी विषय म्हणून देऊन पाहा. एका गटाने कुटुंबाची बाजू घ्यायची, दुसऱ्याने गावाची.